तीस सेकंदांत न मावणारी बाग

वाचकहो, तुळशीच्या एका कुंडीपुढे मी कसा हरलो, ती हकीकत प्रथम सांगतो. पुढे जे काही लिहिणार आहे त्याचे मूळ त्या कुंडीतच आहे.

गोष्ट २००१ सालची. आदल्याच वर्षी, ३ जुलै २००० रोजी, 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले होते आणि सारा देश चार पर्यायांच्या भाषेत बोलू लागला होता. घरी आलेल्या पाहुण्याला चहा हवा की सरबत, हेसुद्धा 'अ' आणि 'ब' करून विचारले जाई. मी त्या वेळी इंदुरातील एका शासकीय शाळेत सहशिक्षक होतो. एम. ए. केले होते मराठीत, शिकवीत होतो हिंदी आणि सामाजिक शास्त्र. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. शाळेच्या आवारातील बाग ही मात्र हौसेने अंगावर घेतलेली जबाबदारी होती. आमच्या भागातील केबलवाल्याची स्वतःची एक छोटी वाहिनी होती. तिच्यावर मुलांसाठी काहीतरी ज्ञानवर्धक असावे, असे त्याच्या मनाने घेतले. माझी बाग त्याने पाहिली होती. 'मास्तर, बागकामावर प्रश्नमंजूषा करू या,' असे तो म्हणाला आणि मीही मोठ्या उत्साहाने होकार दिला.

शाळेच्या सभागृहात दोन टेबले मांडली गेली. एक घंटा आली, एक मोठे घड्याळ आले. प्रत्येक प्रश्नाला तीस सेकंद आणि दहा गुण. प्रश्नांची कार्डे मी रात्री जागून स्वतः लिहिली होती. पहिला भाग झकास झाला, दुसरा बरा झाला. तिसऱ्या भागात मी एक कार्ड उचलून वाचले: 'कुंडीतील तुळशीची पाने पिवळी पडू लागली, तर त्याचे कारण काय? पाणी कमी, पाणी जास्त, ऊन कमी, की कीड?' कार्डाच्या मागे माझ्याच अक्षरात उत्तर होते: 'पाणी जास्त.' समोर आठवीतील एक मुलगी उभी होती. बागेत सर्वांत आधी येणारी आणि सर्वांत शेवटी जाणारी तीच. तिने कार्डाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प राहिली. घड्याळ चालले होते. घंटा झाली. शून्य गुण. तिचा संघ नेमक्या त्या दहा गुणांनी हरला.

कॅमेरा बंद झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात हिंदीत म्हणाली, त्याचा अर्थ असा: 'सर, कुंडीला खाली भोक आहे की नाही, ते तुम्ही सांगितलंच नाही.'

त्या क्षणी मला काही बोलता आले नाही. खरे म्हणजे तिचे म्हणणे बरोबर होते. कुंडीचे भोक बुजले असेल तर थोडे पाणीही जास्तच. भोक मोकळे असेल आणि माती निव्वळ वाळूची असेल, तर रोज घातलेले पाणीही अपुरे. मुळांनी कुंडी भरून गेली असेल तर पाने पिवळी पडतात. जुन्या मातीतील कस संपला असेल तरी पडतात. माळव्यातील जानेवारीच्या थंडीनेही पडतात. मंजिऱ्या वेळेवर न खुडता बी धरू दिले, तर तुळस आपली सारी शक्ती बियांना देते आणि स्वतः उतरू लागते. पाच-सहा कारणांपैकी चार मी कार्डावर लिहिली, त्यांतील एकावर खूण केली आणि जी मुलगी प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा खोल विचार करीत होती, तिला अनुत्तीर्ण ठरवले. चौथ्या भागाला ती आली नाही. त्या चौथ्या भागानंतर केबलवाल्याचाही उत्साह ओसरला आणि आमचा कार्यक्रम संपला. त्याचे कोणाला दुःख झाले नाही, मलाही नाही. दुःख त्या शून्याचे होते.

पुढे अनेक वर्षे एक विचार माझ्या मनात घोळत राहिला. प्रश्नमंजूषा आणि बाग या दोन्ही गोष्टी लोकांना इतक्या प्रिय असताना त्यांचे लग्न का टिकले नाही? आणि दुसरीकडे, बागेविषयीच्या निव्वळ प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम इंग्लंडमध्ये १९४७ पासून आजतागायत चालू आहे, तो कशाच्या बळावर?

त्या कार्यक्रमाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला बाहेरून येणारे अन्न तुटपुंजे झाले, तेव्हा सरकारने 'विजयासाठी खणा' अशी हाक दिली. हिरवळी उकरल्या गेल्या आणि गुलाबांच्या जागी बटाटे आले. शहरवासीयांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जमिनीच्या लहान तुकड्यांची संख्या १९४३ पर्यंत सुमारे १४ लाखांवर गेली. ज्यांनी आयुष्यात कधी कुदळ धरली नव्हती असे लाखो कारकून, गिरणी कामगार आणि गृहिणी एकाएकी बागवान झाले. युद्ध १९४५ मध्ये संपले, पण टंचाई संपली नाही. युद्धकाळातही ज्याच्यावर नियंत्रण नव्हते, तो पाव १९४६ मध्ये शिधापत्रिकेवर आला. १९४७ च्या आरंभीचा हिवाळा तर तेथील लोकांच्या स्मरणात राहिलेला अतिशय कडक हिवाळा.

त्या हिवाळ्यानंतर लगेच, ९ एप्रिल १९४७ रोजी, बी. बी. सी. ने लँकेशायरमधील ॲश्टन-अंडर-लाइन या गिरण्यांच्या गावी, ब्रॉडओक नावाच्या हॉटेलातील एका दालनात, स्थानिक बागवानांना जमवले. समोर चार जाणकार बसवले आणि जमलेल्या लोकांना आपापल्या अडचणी विचारावयास सांगितले. 'तुमची बाग कशी फुलते?' अशा अर्थाचे नाव घेऊन तो कार्यक्रम उत्तर इंग्लंडपुरता सुरू झाला. पुढे 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम' हे नाव त्याला मिळाले आणि १९५७ पासून तो साऱ्या देशाला ऐकू जाऊ लागला.

पहिल्या दिवसापासूनच्या जाणकारांत बिल सॉवरबट्स हे त्याच गावचे भाजी पिकवून विकणारे गृहस्थ होते. फ्रेड लोड्स हे हाताने काम करून शिकलेले अनुभवी माळी होते. त्यांना पुढे ॲलन गेमेल हे वनस्पतिशास्त्राचे स्कॉटिश प्राध्यापक येऊन मिळाले. या तिघांची संगत सुमारे तीस वर्षे टिकली आणि श्रोत्यांना ती सर्वांत प्रिय झाली, याचे एक कारण असे की, त्यांचे एकमत क्वचितच होई. प्राध्यापक शास्त्र सांगत, माळी अनुभव सांगत आणि भाजीवाला दोघांनाही न जुमानता आपल्या वाफ्यात काय झाले ते सांगे. एकाच प्रश्नाला तीन उत्तरे! आमच्या केबलवाल्याच्या घंटेने तिघांपैकी दोघांना शून्य दिले असते.

आता दोन्हींतील भेद पाहा. प्रश्नमंजूषेत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. ते त्याच्या कार्डाच्या मागे लिहिलेले असते. इंग्लंडच्या त्या सभागृहात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते, म्हणूनच तो विचारतो, आणि उत्तर देणाऱ्यांनाही प्रश्न आधी दाखवलेला नसतो. पहिल्या प्रकारात उत्तर देणाऱ्याची परीक्षा होते, दुसऱ्या प्रकारात रोपाची काळजी घेतली जाते. त्या जाणकारांच्या उत्तराचा आरंभही पुष्कळदा उलट प्रश्नाने होतो. माती कसली आहे? भिंत कोणत्या दिशेला आहे? गेल्या वर्षी तेथे काय लावले होते? आठवीतील त्या मुलीने मला विचारले ते याच जातीचे. तिने तज्ज्ञाचे काम केले आणि मी तिला विद्यार्थ्याचे गुण नाकारले.

दूरचित्रवाणीला बाग वर्ज्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. बी. बी. सी. ची दूरचित्रवाणी नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली आणि त्याच महिन्यात सी. एच. मिडलटन हे बागकामाचे लोकप्रिय नभोवाणी-वक्ते पडद्यावर आले. त्यांच्यासाठी लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेस या प्रक्षेपण-केंद्राच्या आवारातच बाग तयार करण्यात आली. पुढे पर्सी थ्रोअर यांचा कार्यक्रम १९५५ पासून गाजला आणि १९६८ मध्ये सुरू झालेला 'गार्डनर्स वर्ल्ड' अजून चालू आहे. गुलाबाची फांदी डोळ्याच्या किती वर आणि किती तिरपी कापावी, हे शंभर शब्दांपेक्षा एका चित्राने चांगले कळते. दाखवणे हे पडद्याचे बळ आहे. त्याला पेलत नाही ते घड्याळ लावून बागेचा न्याय करणे. रोपाचा काळ वेगळा. आज घातलेल्या खताचे उत्तर पंधरा दिवसांनी, आज बांधलेल्या कलमाचे उत्तर दोन महिन्यांनी आणि आज लावलेल्या आंब्याचे उत्तर पाच-सात वर्षांनी मिळते. त्याला तीस सेकंदांत बोलते करणे ही आपली अधीरता. त्यात रोपाचा दोष नाही.

तथापि, प्रश्नमंजूषेवर सगळाच दोष ठेवणे अन्यायाचे होईल. बागेत एका उत्तराचे प्रश्नही असतात आणि ते मनोरंजक असतात. उदाहरणार्थ: झेंडू, मिरची, पेरू आणि सीताफळ यांपैकी मूळ भारतीय कोणते? उत्तर: एकही नाही. चारही अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकात आणि त्यानंतर, समुद्रमार्गे आपल्याकडे आली. दसऱ्याच्या ज्या तोरणावाचून आपले दार सुने वाटते, त्यातील झेंडूचे माहेर मेक्सिकोकडचे आहे, हे कळले की मुलांचे डोळे विस्फारतात. अशा प्रश्नांना घंटा शोभते. मात्र झेंडू कोठून आला हे विचारणे वेगळे आणि माझ्या अंगणातील झेंडू का कोमेजला हे विचारणे वेगळे. पहिल्याचे उत्तर पुस्तकात आहे, दुसऱ्याचे मातीत. माझी चूक ही की, दुसऱ्या जातीचा प्रश्न मी पहिल्या जातीच्या कार्डावर लिहिला.

आपल्या देशातही दुसऱ्या जातीच्या प्रश्नांचा मान राखणारे प्रयोग झालेले आहेत, त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि मनात उरलेल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्या शंकांना पुढे कार्यक्रमातून उत्तरे मिळत. ऐकणाऱ्याला बोलण्याचा हक्क देणारा हा प्रयोग पुढे देशभर अनुकरणीय ठरला. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीत 'कृषिदर्शन' सुरू झाले, तेही आरंभी भोवतालच्या ८० गावांतील सामुदायिक संचांपुढे जमणाऱ्या मंडळींसाठीच होते. आणि आम्हा इंदूरकरांना तर आमच्या आकाशवाणीवरील 'खेती-गृहस्थी' कसे विसरता येईल? नंदाजी आणि भेराजी मालवी बोलीत गप्पा मारीत. एकाने शंका काढावी, दुसऱ्याने ती उलगडावी. लहानपणी आमच्या मराठी घरातही तो संवाद लागे आणि ज्यांचे शेताशी काही नाते उरले नव्हते अशी माणसेही तो कान देऊन ऐकत. त्या संवादात कोणी जिंकत नसे, कोणी हरत नसे.

याच इंदुराशी जोडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय माझ्या दृष्टीने पुरा होत नाही. ब्रिटनमधील ज्या बागवानांचा वर उल्लेख केला, त्यांच्या परसातील कुजलेल्या पालापाचोळ्याच्या खताशी आमच्या शहराचे नाव जोडले गेले होते. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे आले. १९२४ पासून १९३१ पर्यंत ते इंदुरात होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभारलेल्या वनस्पती-संशोधन संस्थेचे प्रमुख होते. तीच जागा पुढे कृषी महाविद्यालयाची झाली. मूळ काम कापसावरील संशोधनाचे होते. पण कापूस वेचल्यावर उरणाऱ्या टणक पऱ्हाट्यांचे काय करावे, हा प्रश्न त्यांना शेताने घातला. त्यांनी त्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरल्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चेपून घेतल्या, मग पालापाचोळा, शेणकाला, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून त्या खड्ड्यांत भरल्या. ठरावीक अंतराने ढीग उलथापालथा करीत गेल्यास सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होई. 'इंदूर पद्धत' या नावाने ती १९३१ च्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर संस्थेतील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे नाव आहे, आणि ते मराठी वाचकाला परके वाटणार नाही.

हॉवर्ड यांची जी गोष्ट शिक्षक म्हणून माझ्या मनावर ठसली ती अशी की, हा मोठा शास्त्रज्ञ येथील शेतकऱ्यांना आणि पिकावर पडणाऱ्या किडींना आपले गुरू मानीत असे. कीड पडली म्हणजे तिला मारण्यापूर्वी तो विचारी की, ही येथेच का आली, मातीत काय बिघडले? उत्तर हाती घेऊन आलेला मनुष्य हा प्रश्न विचारू शकत नाही. तो प्रश्न सुचण्यासाठी कार्डाच्या मागची बाजू कोरी असावी लागते.

आता मी मुख्याध्यापक आहे आणि परीक्षा घेणे हाच माझा व्यवसाय आहे. परीक्षांवाचून शाळा चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पर्यायी प्रश्न तपासण्यास सोपे, निष्पक्ष आणि हजारो मुलांना एकाच मापाने मोजणारे असतात, हेही मान्य आहे. पण दरवर्षी उत्तरपत्रिका पाहताना मला भीती वाटते ती चुकीचे उत्तर लिहिणाऱ्या मुलांची नव्हे. ती वाटते रिकामी जागा सोडणाऱ्या मुलांपैकी त्या एखाद्याची, ज्याने प्रश्नातच काहीतरी राहिले आहे हे ओळखले आणि ते बोलण्याची सोय त्याला कोठेच मिळाली नाही. असे मूल दोन-तीनदा शून्य पाहते आणि मग विचार करणे सोडून खूण करावयास शिकते. त्याचे गुण वाढतात. आपण पेढे वाटतो.

त्या मुलीचे दहा गुण मला परत देता आले नाहीत. ती चूक माझी आहे, असे मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सांगावयास हवे होते. संकोचाने मी ते टाळले. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांना कामासाठी दुसरे गाव धरावे लागले आणि ती शाळा सोडून गेली. तिचा पत्ता माझ्यापाशी नाही.

पण माझ्या आजच्या शाळेच्या बागेत, अवजारांच्या खोलीच्या दाराला, दोऱ्याने बांधलेली एक साधी वही आहे. मुले तिला शंकावही म्हणतात. कोणीही आपली शंका तारीख घालून लिहावी. उत्तर लिहिणाऱ्यानेही तारीख घालावी, असा एकच नियम आहे. काही शंकांची उत्तरे चार दिवसांत येतात, काहींची पुढच्या पावसाळ्यात, आणि काही पाने अजून कोरी आहेत. एका शंकेखाली तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली तीन उत्तरे आहेत आणि मी त्यांतील एकही खोडलेले नाही. जुनी वही भरली की नवी येते, पण पहिल्या पानावर प्रत्येक वेळी मी एकच वाक्य लिहून ठेवतो: 'कुंडीला खाली भोक आहे की नाही?' मुले विचारतात, सर, हे कोणी विचारले? मी सांगतो, मला दहा गुण देणे असलेल्या एका विद्यार्थिनीने.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अंगण राहिलेले नाही. सज्जात एक तुळस, एखादा गुलाब, कढीलिंबाचे एखादे रोप एवढाच आपला बगिचा. त्याचे पान पिवळे पडले तर उत्तराची घाई करू नका. घरातील एखादे लहान मूल जवळ बोलवा, कुंडी हळूच कलती करा आणि तिच्या बुडाशी काय आहे ते आधी त्यालाच पाहू द्या.